लखमाची चार बोटं

कारखाना बंद पडला त्या दिवशी राघो संडासात होता, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

मुरबाडच्या एमायडीशीतला प्लास्टिकचा कारखाना. बादल्या, मग, टमरेलं असला माल. साल शहाण्णव. मालकानं गेटवर येऊन हात जोडले आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नका, गोडाऊनमधलं काय आवडेल ते घेऊन जा. राघो नाडी बांधत बाहेर येईस्तोवर बादल्या संपल्या होत्या, मग संपले होते, आणि टमरेलांवरून दोन फिटरांची मारामारी होऊन ते एकमेकांना पाणीसुद्धा पाजत होते. एक गोण तेवढी उरली होती. तिच्यात शिपाई होते.

बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे शिपाई. कुठल्यातरी परदेशी गिऱ्हाइकाची ऑर्डर. पण साच्यातून गरम असतानाच ओढून काढल्यामुळे सगळ्यांच्या बंदुका वाकल्या होत्या. कुणाची आभाळाकडे, कुणाची शेजाऱ्याच्या कानात, कुणाची स्वतःच्याच अंगठ्यावर. गिऱ्हाइकानं सगळी फौज परत पाठवली होती. राघोनं गोण एसटीच्या टपावर टाकली आणि वैशाखऱ्याला घरी आणली.

"लोकांनी बादल्या आणल्या," बायको म्हणाली. तिचं नाव वत्सला. हे वाक्य तिनं नंतर बरीच वर्षं वापरलं, आणि दरवेळी ते नव्यासारखं लागायचं.

गोणीच्या तळाशी नमुन्याचं खोकं होतं आणि त्यात एक इंग्रजी चोपडी. खेळाचे नियम. मुलगा हर्षित तेव्हा बारावीला होता. त्याला कोपऱ्यात गाठून राघोनं ती सगळी वाचून घेतली. दोनशे वर्षांपूर्वीची गोऱ्या लोकांची लढाई कशी खेळायची ते त्यात होतं. सपाट मैदान पाहिजे. दोन्ही फौजांनी सरळ रांगा करायच्या. ढोल वाजवत एवढे इंच पुढं जायचं, थांबायचं, फासा टाकायचा, गोळी झाडायची, मरायचं, परत रांग सरळ करायची.

"बाबा, पुढं लिहलंय, आता शत्रूनं फासा टाकावा."

"शत्रू कुठाय खोक्यात?"

"तो नसतो खोक्यात. आपला आपण आणायचा."

इथंच सगळं अडलं. गोणभर फौज होती, नियम होते, सापशिडीतला फासा होता. शत्रू नव्हता. हर्षित अभ्यासाचं सोंग करायचा. वत्सला म्हणाली, "मी काय कमी हाय का?" पण ते दुसऱ्या अर्थानं. गावातल्या माणसांना राघोनं विचारलं तर ते लांबूनच "येतो येतो" म्हणून दुसऱ्या गल्लीनं जायला लागले. चाळिशी ओलांडलेला, मिशावाला, नोकरी गेलेला माणूस "माज्याशी लडाई करतंस का?" म्हणून दारोदार फिरतोय म्हटल्यावर लोक काय समजणार!

मग लखमा आला.

लखमा वरच्या पाड्यावरचा. राघोच्याच वयाचा, काटकुळा, पण हात असे मोठे की दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणल्यासारखे. उतरून आला होता करवंदं घेऊन. राघो अंगणात एकटाच रांगा लावत बसला होता. लखमा करवंदाची पाटी उतरवून बघत राहिला. दोन्ही रांगा समोरासमोर आल्या, राघोनं फासा टाकला, अर्धी रांग आडवी केली.

"ही मानसं का नाय पळाली?" लखमानं विचारलं.

"का पळतील? फौज हाय ती."

"झाडाच्या मागं तरी जायचं."

"तसा नियम नाय."

"म्हंजे हुबं ऱ्हायचं आनि मरायचं? ह्यांच्या आया कुठं होत्या?"

करवंदं दुपारपर्यंत राघोच्याच ओसरीवर विकली गेली, म्हणजे त्या दोघांनीच खाल्ली. संध्याकाळी लखमा शत्रू झाला होता.

पण त्याला गोऱ्यांची लढाई नको होती. आपल्या घाटातली पाहिजे, म्हणाला. कंपनी सरकारच्या काळात घाटात बंडवाले होते, त्यांना धरायला पलटण चढली आणि अर्धीच खाली उतरली, ही गोष्ट वैशाखऱ्यात सगळेच सांगतात. उरलेल्या अर्धीचं काय झालं ते मात्र दर घरात वेगळं. लखमाच्या घरी म्हणत, आपला खापरपणजा बंडवाल्यांत होता. राघोच्या घरी म्हणत, आपला खापरपणजा पलटणीबरोबर होता. तंबू वाहायच्या बैलामागं होता, पण बरोबर होता. म्हणून राघो कंपनी झाला. लखमा त्याला एरवी "राघोदादा" म्हणायचा आणि खेळात "कंपनी".

मग चोपडीतले नियम घाटाला बसवायचं काम सुरू झालं. मैदानाच्या जागी शेणाचे डोंगर झाले. पहिल्या डोंगराला अळ्या पडल्या, आणि कोंबड्यांनी तो कंपनीच्या तोफखान्यासकट उकरून नेला. एका कोंबडीनं फासा गिळला. दोघं दिवसभर तिच्या मागं वाकून फिरले, शेवटी नाद सोडला आणि चार चिंचोके फोडून घेतले. पांढरी बाजू पडली तर लागली, काळी पडली तर चुकली. इंच कुणाला कळत नव्हते, म्हणून बोटं ठरली. कंपनीनं एका पाळीत दोन बोटं सरकायचं, कारण बूट जड. बंडवाल्यानं चार बोटं, कारण अनवाणी.

इथं राघो फसला. लखमाची चार बोटं म्हणजे राघोची जवळजवळ वीत. त्यात लखमा बोटं फाकवायचा.

"मिटव ती बोटं!"

"मिटलीच हायत."

"मधून बैलगाडी जाईल एवढी फट हाय!"

"हाड जाड हाय माजं, कंपनी. त्याला काय करू? कापू?"

लपायचा नियम तर लखमानं एकट्यानंच केला. चोपडीत लपायचं काही नव्हतंच. लखमानं सगळे बंडवाले सदऱ्याच्या खिशात टाकले आणि म्हणाला, "खेळ."

"तुजी मानसं कुठं हायत?"

"हायत."

"कुठं पण?"

"दिसली असती तर मंग लपली कशाला म्हनायचं?"

त्या दिवशी पटावर एकही बंडवाला न येता राघोची अख्खी कंपनी मेली. राघोला रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तोच लवकर उठून अंगण सारवून बसला होता.

राघोनंही एक नियम आणला, भुकेचा. फौज पोटावर चालते हे त्याला कारखान्याच्या कॅन्टीनमुळे माहीत होतं. तीन पाळ्या झाल्या की कंपनीला भूक लागायची आणि खेळ थांबायचा. राघो इमानदार माणूस, कंपनी जेवायची तेव्हा तोही जेवायचा. त्या वर्षी त्याचं पोट सुटलं.

अशी वर्षं गेली. हर्षित कल्याणला नोकरीला लागला, दर्शनाशी लग्न झालं, फ्लॅट झाला. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून वत्सला सव्वा महिन्यासाठी कल्याणला गेली. सव्वा महिना झाला, मग बारसं झालं, मग बाळाला दात आले, मग दर्शनाची रजा संपली. वत्सला तिथंच. राघोनं तिकडं चार दिवस राहून पाहिलं. फ्लॅटला अंगण नव्हतं आणि शेणाचा डोंगर बाल्कनीत करू देईनात. तो परत आला.

आता दिवसभरात त्याच्याशी बोलणारं माणूस एकच. लखमा.

आणि लखमा ज्या दिवशी निघून गेला, तो दिवस राबाचा होता.

आपल्याकडं भात पेरायच्या जागी आधी राब करतात. शेण, टहाळ, वाळका पाला असं थरावर थर पसरायचं, वर पेंढा टाकायचा आणि उन्हाळा संपायच्या आत भाजून काढायचं. राघोचा राब आणि त्याच्या चुलतभावाची विधवा जनाबाई हिचा राब एकाला एक लागून. त्या साली पाला पसरून झाला आणि राघोच्या डोक्यात आलं, हे तर जंगल झालं! खरं रान, खरे चढउतार, वाळका पाला. असा पट जन्मात मिळायचा नाही. त्यानं गोण ओतली. सगळी कंपनी राबावर चढली, रांगा लावून, निशाणासकट. लखमानं बंडवाले पाल्यात पेरले.

अशी लढाई कधी झाली नव्हती. पहिल्यांदाच राघोचे चिंचोके पांढरे पडत होते. बंडवाले मागं हटत हटत राबाच्या कडेला आले आणि कड ओलांडून बाहेर पडले. लखमानं त्यांना उचलून खिशात घातलं.

"पळाले!" राघो ओरडला. "पळाले रे पळाले!"

"बाजूला झाले."

तेवढ्यात कंपनीला भूक लागली. नियम तो नियम. राघोनं कंपनी होती तशी उभी ठेवली आणि दोघं घरात भाकरी खायला बसले. सुकटीची चटणी होती. वेळ लागला.

जनाबाई दरसाल वारा पडला की राब पेटवते. त्या दिवशी वारा पडला. तिनं आपला पेटवला, तिथून जाळ भावजींच्या राबात शिरला. तिला वाटलं बरं झालं, त्यांचंही काम झालं.

काळा धूर आणि टायर जळल्यासारखा वास आला तेव्हा राघो हातातल्या भाकरीसकट धावला. कंपनी रांगेतच होती. रांगेतच खाली बसत चालली होती.

"वहिनी! माझी फौज!"

"मला काय म्हाईत त्यात इंग्रज हायत? सालोसाल भाजते मी. कंदी कोन इंग्रज निघाला नाय त्यातून."

विझल्यावर राखेतून भाकरीएवढा एक गोळा निघाला. लाल, खाकी, काळा असा. एका बाजूनं बिगूल बाहेर आलेला, दुसऱ्या बाजूनं एक मिशी.

लखमा बराच वेळ त्या गोळ्याकडं बघत होता. वाईट त्यालाही वाटलं होतं. पण माणसाला वाईट वाटलं तरी जिंकलेलं कळतंच. त्यानं खिसा पालथा केला. दहाबारा बंडवाले, वाकड्या बंदुकांचे, साफ शाबूत. त्यांचा नाईक, गळ्यात लाल दोरा बांधलेला, तोही.

"म्हंजे मी जिकलो," लखमा म्हणाला.

"कसा काय?"

"तुजे सगळे मेले. माजे हायत."

"तुजे पळाले. चोपडीत लिहलंय, कडेच्या भाईर गेला तो बाद. परत येत नाय. मेल्यात जमा. दोन्ही मेले. बरोबरी."

"आरे जिते हायत! हे बग! हात लाव!"

"पळाला तो मेला!"

"जेवायला गेलेला मानूस मेला व्हय रे? तू गेलतास ना जेवायला? मंग तू पन मेलास?"

इथं राघोनं थांबायला पाहिजे होतं. पण हातात जळकी फौज होती आणि शेजारी जनाबाई हसत होती.

"पळपुटा तो पळपुटाच," राघो म्हणाला. "तुजा खापरपणजा पन असाच घाटातून पळाला असल. म्हणून तर तू झालास."

लखमा खाली वाकला. एकेक शिपाई उचलून खिशात घातला. नाईक शेवटी घातला. मग म्हणाला, "राघ्या, खेळ एकटा." आणि राबाच्या कडेनं निघून गेला.

आठवड्यानं कळलं, कसाऱ्याला हायवेच्या कामाला लागला. नंतर कळलं, शेणव्याला लेकीकडं राहतो. पाड्यावर फक्त शेतीच्या दिवसांत येतो, आणि यायचा तेव्हाही राघोच्या दारावरून न जाता ओढ्यातून वळसा घालून जायचा. त्या साली राघोच्या राबात मधोमध एक चकती रिकामी राहिली. रोप उगवलंच नाही. "इंग्रज बसला तिथं काय उगवनार," जनाबाई म्हणाली.

गोणीच्या शिवणीत अडकलेले मूठभर शिपाई तेवढे राघोकडं उरले. त्यांच्यावर त्यानं शत्रू शोधायला सुरुवात केली.

एसटीचा कंडक्टर शाम, गाडी थांबायची तेवढ्या वेळात खेळायला बसला. त्यानं सगळे शिपाई पटाच्या एका टोकाला रेटले. "पुढं सरका, पुढं सरका, पुढं जागा हाय!" त्याला दुसरं काही येतच नव्हतं. दिवाळीला हर्षित आला. नवीन मोबाइल होता. एका हातानं चिंचोके टाकले, दुसऱ्या हातानं फोन कानाला, आणि मध्येच उठून बाहेर रेंज शोधत गेला. दारातून म्हणाला, "बाबा, कोण जिंकलं ते सांगा."

मग राघो खरंच एकटा खेळायला लागला. कंपनीही तोच, बंडवालेही तोच. पण मोठी अडचण लपण्याची. स्वतः लपवलेला शिपाई स्वतःला कसा सापडू नये? त्यानं रीत काढली. सकाळी बंडवाला होऊन घरभर शिपाई लपवायचे. दुपारी झोपायचं, विसरायसाठी. संध्याकाळी कंपनी होऊन शोधायला निघायचं. पहिले काही दिवस सगळे झटक्यात सापडले आणि त्याला फार वाईट वाटलं. मग हळूहळू वय मदतीला आलं. एक शिपाई लोणच्याच्या बरणीत निघाला. एक वत्सलेच्या ट्रंकेत, ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीत निघाला. तो लुगडं हातात घेऊन जरा वेळ बसला आणि कंपनीची पाळी चुकली. एक पायाखाली आला आणि टाचेत घुसला. तेव्हा राघो एका पायावर नाचत ओरडला, "वा रे गड्या! बरोबर गाठलंस!" घरात दुसरं कुणी नव्हतं. वाकड्या बंदुकीनंही माणूस मरू शकतो, हे परदेशी गिऱ्हाइकाला कळवायला पाहिजे, असं त्याला वाटलं.

रविवारी तो दुकानातल्या नाण्याच्या फोनवरून कल्याणला बोलायचा.

"जेवलात?" वत्सला विचारायची.

"जेवलो. कोन जिकलं ते विचार की गो."

"कोन जिकलं?"

"कोनीच नाय. दोन्हीकडनं मीच होतो."

तिकडं बाळ रडत होतं, कुकर शिटी मारत होता. मग वत्सला म्हणाली, "मंग भांडणं तरी नाय झाली ना?"

"नाय," राघो म्हणाला. घरात कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं म्हणाला.

त्याच आठवड्यात त्यानं एक लढाई जिंकली. कंपनीनं बंडवाल्यांना कडेपर्यंत रेटलं, कडेबाहेर काढलं. चोपडीप्रमाणं राघोनं त्यांना उचलून खोक्यात टाकलं आणि झाकण लावलं. अंगणात फक्त कंपनी उरली. आता तिची पाळी. ती दोन बोटं पुढं गेली. समोर कुणी नव्हतं. परत तिचीच पाळी. परत दोन बोटं. असं करत ती तुळशीपर्यंत गेली, तिथून माघारी वळली, पायरीपर्यंत आली. आता कुठं जाणार? कंपनी पायरीशी उभी होती आणि राघो पायरीवर बसला होता, आणि दोघांनाही पुढं काही काम नव्हतं.

"हा कसला नियम रे," राघो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या एसटीनं मुरबाडला गेला, तिथून किन्हवलीमार्गे शेणव्याला. पिशवीत जळका गोळा. पाहुण्यांकडं रिकाम्या हातानं कसं जायचं! एसटीत शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय ते, गूळ?" राघो म्हणाला, "पलटण." म्हातारी उठून पुढच्या सीटवर गेली.

लखमाची लेक अंजू अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती.

"बाबा घरात नायत, काका," ती म्हणाली. तिच्या मागं दाराशी टायरच्या चपला होत्या, होडीएवढ्या. आत कुणीतरी खोकलं.

"कोन खोकलं?"

"शेळी."

"तंबाखू खाते का?"

अंजूनं ओठ दाबले. राघो ओसरीवर कुडाच्या भिंतीला टेकून बसला. गोळा काढून समोर ठेवला. मग अंजूला सांगतोय असं दाखवत, पण शेळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला:

"पोरी, एक नियम बदलला मी. चोपडीतला तो चुकीचा होता. गोऱ्यांच्या मुलखाला ठीक असल, आपल्या घाटात चालत नाय. आता असं हाय, की कडेच्या भाईर गेला तो मेला नाय. तो भाईर हाय. त्याला वाटंल तवा, वाटंल त्या बाजूनं तो परत येऊ शकतो. कंपनीनं इचारायचं नाय का गेलास. त्याची कड मोकळी ठेवायची. आनि..." त्यानं गोळा कुडाकडं सरकवला. "आनि ती राबाची लडाई मी हरलो. हा बग पुरावा. मिशीसकट."

कोंबडी मोहाच्या फुलांत शिरली, अंजूनं हाकलली.

"जेवून जा, काका."

राघो ओसरीवर जेवला. कुडापलीकडंही ताट वाजत होतं. कारवीच्या दोन काटक्यांमध्ये माती पडून एक फट झाली होती आणि फटीत एक डोळा होता. राघो त्या डोळ्याकडं बघत जेवला. डोळ्यानंही नजर हलवली नाही. भाकरी संपली तसा डोळा गेला. राघो पिशवी घेऊन उठला. शेवटची एसटी पकडून घरी आला.

आल्यावर त्यानं अंगण सारवलं, मधोमध गोळा ठेवला. आता कंपनी म्हणजे तो गोळाच. आणि चारी कडा मोकळ्या केल्या. खाट उचलली, लाकडं हलवली, जनाबाईची वाळवणाची चटई काढायला लावली.

"कोन येनाराय भावजी, मंत्री?"

"आला तर कडेनं येईल."

"आनि नाय आला तर?"

राघो चटई गुंडाळायला लागला. दिवसामागून दिवस गेले. कंपनी अंगणात उन्हात बसून राहिली. उन्हानं मिशी जराशी खाली वळली.

मग राबाचे दिवस आले. पाड्यावरची माणसं खाली-वर जायला लागली. एका सकाळी राघो तोंड धुवायला बाहेर आला, तर शेवग्याच्या बुडाशी, अंगणाच्या अगदी कडेवर, एक शिपाई उभा होता. वाकडी बंदूक, तोंड गोळ्याकडं.

राघो तांब्यासकट दोन पावलं धावला. मग त्यानं स्वतःला आवरलं. आपलाच असेल. आपणच कधीतरी लपवला असेल आणि विसरलो असू. हल्ली चष्मासुद्धा डोक्यावर ठेवून शोधतो आपण. त्यानं शिपायाला हात लावला नाही, उलटून बघितला नाही. गळ्यात काही आहे का, ते लांबून दिसेना, आणि जवळ जायची त्याची छाती होईना. नसलं तर?

पण पाळी तर कुणाची तरी होतीच. राघोनं चिंचोके आणले. कंपनीच्या वतीनं टाकले, काळे पडले. मग बंडवाल्याच्या वतीनं टाकले आणि मोकळ्या रस्त्याकडं तोंड करून, घसा फाटेस्तोवर ओरडला, "चारी पांढरे! बंडवाल्याची चाल! चार बोटं!"

जनाबाईनं खिडकी लावून घेतली.

दिवसभर कुणी आलं नाही. राघोला रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही, आणि सकाळी उठला तो उन्हं अंगणात आल्यावर. तसाच बाहेर आला.

शिपाई शेवग्याखाली नव्हता. अंगणात आत आला होता. राघो त्याच्याजवळ उकिडवा बसला. गळ्यात लाल दोरा होता, विटलेला. पण राघोचं लक्ष दोऱ्याकडं गेलंच नाही. त्यानं आपला हात सारवणावर टेकला, शेवग्याच्या कडेपासून बोटं मोजली. चार झाली. शिपाई पुढंच. आणखी चार ठेवली. शिपाई तरी पुढंच. मग परत कडेपासून पूर्ण वीत ताणली तेव्हा कुठं करंगळी नाइकाच्या पायाला लागली.

राघो उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. डोळ्यांत पाणी होतं. त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि रस्त्यापलीकडच्या एरंडाच्या कुंपणाकडं बघून गावभर ऐकू जाईल असा ओरडला:

"चोरा! ही चार बोटं व्हय रे?"

कुंपण हाललं नाही. जरा वेळानं कुंपणामागून कुणीतरी, तंबाखू थुंकून, म्हणालं:

"हाड जाड हाय माजं, कंपनी. खेळ तू."